मेंढा सोडायच्या आधी

सरकारनं माझ्या हातून आयुष्यभर रक्तवाढीच्या ज्या लाल गोळ्या वाटल्या, त्या सगळ्या गरोदर बायकांच्या पोटात गेल्या असं मी देवाशपथ सांगू शकत नाही. कुठं गेल्या ते मात्र पक्कं माहीत आहे. काही मोरीत गेल्या, काही शेळीला गेल्या आणि बऱ्याचशा कढीपत्त्याच्या बुडाशी गेल्या. नांदे गावाच्या अलीकडं एका दारातला कढीपत्ता असा काही तरारला होता की मी त्या घरच्या सुनेला म्हटलं, "ह्याचं रक्त छान भरलंय गं, आता तुझं कधी भरायचं?" ती पदरात तोंड लपवून हसली आणि निघताना तिनं मला कढीपत्त्याची भलीमोठी जुडी दिली. ती मी घरी आमटीत घातली. म्हणजे सरकारची गोळी शेवटी सरकारी नोकराच्याच पोटात गेली.

मी उपकेंद्राची नर्स होते. बाहेरच्या माणसाला हे नीट सांगावं लागतं. डॉक्टर दवाखान्यात बसतात आणि माणसं त्यांच्याकडं जातात. उपकेंद्राच्या नर्सनं माणसांकडं जायचं असतं, बोलावलेलं नसताना, आणि बहुतेक वेळा तिला बघून माणसं मागच्या दारानं पसार होतात. स्कूटरवर औषधांची पेटी बांधायची, वाडी-वस्तीवर फिरायचं, पोरांना टोचायचं, गरोदर बायांचं वजन करायचं, रक्तदाब बघायचा, गोळ्या द्यायच्या आणि त्या कढीपत्त्याला घालू नका म्हणून विनवायचं. ह्या कामातला एक भाग मात्र असा आहे की तो कुणाच्या वाट्याला येऊ नये. जन्मलेलं बाळ काही दिवसांत गेलं, तर त्या घरी जाऊन "काय झालं?" असं विचारायचं. आईच्या अंगातून दूध गळत असतं आणि आपण समोर बसून प्रश्न विचारत असतो.

मी नोकरीला लागले तेव्हा बाळं थंडीनं जायची, जंतूंनी जायची, वजन कमी म्हणून जायची. असल्या मरणाशी भांडता येतं. लगेच आंघोळ घालू नका, आईच्या उघड्या छातीशी धरा, नाळेला राख लावू नका, मध चाटवू नका, असं घराघरांत भांडत मी फिरले. स्वभावच भांडकुदळ, त्यामुळं यश आलं. पण ती मरणं कमी होत गेली तसं त्यांच्यामागं दडलेलं एक मरण उठून दिसायला लागलं. बाळ पोटातच अपुरं घडलेलं असतं. कुणाचं हृदय, कुणाच्या पाठीचा कणा, तर कुणाची कवटीच बनलेली नसते. ह्यातली काही ऑपरेशननं सुधारतात आणि काहींना कुणाकडंच इलाज नसतो. असल्या बाळापुढं माझी पेटी रिकामी होती. भांडायची वेळ कधीचीच निघून गेलेली असायची. ती वेळ नेमकी कधी असते हे मला ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं, पण दुसऱ्याला कसं पटवायचं ते एका मेंढ्यानं शिकवलं.

मेंढा हौसाबाईचा. हौसाबाईचं घर मेंढरं-शेरडं राखणारं, टेकडीच्या उतारावर. खालच्या जमिनी ज्यांच्या होत्या त्यांनी विकल्या, खोल्या बांधल्या, भाडेकरू ठेवले, गाड्या घेतल्या. हौसाबाईनं मेंढरंच ठेवली. कमरेला मोबाइल, हातात काठी आणि आवाज असा, की तिनं टेकडीवरून कळपाला हाळी दिली तर खाली सोसायटीचा वॉचमन गेट उघडायचा. तिचा मुलगा दत्ता मारुंजीत टेम्पोनं पाण्याचे जार पोचवायचा. दत्ताची बायको काजल, बारावी झालेली, बोलायला गोड आणि सासूसमोर गप्प.

त्या घरात, आणि खरं म्हणजे आमच्या भागातल्या बहुतेक घरांत, एक रीत आहे. दिवस गेले की तीन महिने पुरे होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही. नजर लागते. काजल नळावर ओकताना मला दोनदा दिसली. मी विचारलं तर हौसाबाई म्हणाली, "पित्त झालंया."

ते पित्त तीन महिने भरल्यावर हौसाबाईनं वाजतगाजत जाहीर केलं. मी लाल गोळ्या दिल्या, आणि काजल त्या खरोखर खायची. त्या घरी कढीपत्ताच नव्हता. मग पावसाला सुरुवात झाली. मुळशीच्या चिखलात मेंढरांचे खूर सडतात, म्हणून ही माणसं पावसाळ्यात कळप घेऊन पूर्वेला कोरड्या मुलखात उतरतात. काजलही गेली. पाचव्या महिन्यातली सोनोग्राफी व्हायची ती राहिली. मी फोन केला की हौसाबाई म्हणायची, "हितं समदं ब्येस हाय, तुमी तुमचं बगा," आणि मागं मेंढरं ओरडायची.

दिवाळीनंतर घर परतलं, तेव्हा काजलला आठवा लागला होता. मी तिला धरूनच सोनोग्राफीला नेलं. तिथले डॉक्टर भारी बडबडे. तपासता तपासता क्रिकेटपासून कांद्याच्या भावापर्यंत सगळं बोलायचे. त्या दिवशी ते मधेच गप्प झाले. बाळाच्या डोक्याची कवटी बनलीच नव्हती.

शहरातल्या मोठ्या दवाखान्यात पुढं काय करायचं ह्याची बोलणी चालू होती, तोवर काजलला कळा सुरू झाल्या. मुलगी झाली. भुवयांच्या वर कपाळ नव्हतं. त्याच्या खालचा चेहरा मात्र सुरेख होता, हनुवटी थेट दत्ताची. तिथल्या सिस्टरनं शहाणपणानं आधी टोपी घातली आणि मग बाळ काजलच्या कुशीत दिलं. मुलीनं काजलचं बोट घट्ट धरलं. संध्याकाळ व्हायच्या आत ती गेली.

हौसाबाई बाहेर बाकड्यावर बसली होती. बाळ तिच्या मांडीवर दिलं, तेव्हा तिनं टोपी वर केली. मला वाटलं आता किंकाळी फोडणार. तिनं टोपी तशीच खाली ओढली आणि मला विचारलं, "कपाळच न्हाई हिला. पाचवीला सटवाई लिव्हल कुटं?"

ते वाक्य मी घरी घेऊन आले आणि बरेच दिवस ते माझ्याबरोबर स्वयंपाकघरात उभं होतं.

पुढं मी त्या घरी गेले तर हौसाबाई दारातच उभी. "तुमच्या गोळ्यांनी केलं," ती म्हणाली. "आमच्या घरात कवा कुणी गोळी खाल्ली न्हाई, आन कवा असलं काय झालं न्हाई. आता ह्या दारात गोळी घिऊन येयाचं न्हाई." आणि तिनं पिंट्याला सोडलं. पिंट्या म्हणजे त्यांचा कुत्रा, वासराएवढा.

आता इथं मला जरा शिकवणीच्या सुरात बोलू द्या, थोडक्यात आवरते. बाळाची कवटी आणि कणा पोटात फार लवकर मिटतात. बाईला पाळी चुकल्याचं नीट ध्यानात येतंय न येतंय तोवर ते काम उरकलेलंसुद्धा असतं. ते नीट मिटायला आईच्या अंगात फॉलिक ॲसिड नावाचं जीवनसत्त्व पुरेसं असावं लागतं. म्हणून ती गोळी दिवस राहायच्या आधीपासून घ्यायची असते. आणि आमच्याकडं बाई माझ्यापर्यंत यायची ती तीन महिन्यांचं पित्त संपल्यावर. माझ्या गोळ्यांनी काही बिघडलं नव्हतं. त्या पोचल्या तेव्हा सगळं होऊन गेलेलं होतं, एवढंच. पण हे दारात कुत्रा भुंकत असताना सांगून बघा.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी काजलला बजावून सांगितलं होतं. एकदा असं झालं की पुन्हा होण्याची भीती इतरांपेक्षा जास्त असते, म्हणून पुढच्या खेपेला जास्त ताकदीची पिवळी गोळी निदान महिनाभर आधी सुरू करायची. इकडं हौसाबाईचा धोशा, "लवकर पाळणा हालला पायजे, त्याबिगर घरातलं दुख जायाचं न्हाई." म्हणजे एकीकडं पाळण्याची घाई आणि दुसरीकडं गोळीला बंदी. पुन्हा तसंच झालं तर काजल त्या घरात टिकेल का, आणि टिकली तरी कशी टिकेल, ह्या विचारानं मला घोर लागला होता.

पहिल्यांदा मी पिंट्याला फितवलं. बिस्किटांवर काम झालं. थोड्याच दिवसांत तो मला बघून भुंकायचा सोडून शेपूट हलवायला लागला, आणि पुढं पुढं तर दुपारी टेकडी उतरून उपकेंद्रात माझ्या टेबलाखाली येऊन झोपायचा. पण कुत्रा फुटला तरी मालकीण फुटेना. शेवटी काजलच एक दिवस दळणाच्या निमित्तानं माझ्याकडं आली.

"सिस्टर, द्या मला त्या गोळ्या. मी बघते कुटं ठेवायच्या त्या."

"सासूबाईंना कळलं तर?"

"कळंल तवा कळंल." मग थांबून म्हणाली, "तिनं माजं बोट धरलं व्हतं. समदी म्हणत्यात, जीव नव्हताच त्यात, इसरून जा. जीव नव्हता तर बोट कोन धरत व्हतं?"

मी तिला जवळ घेतलं. नर्सनं रडायचं नसतं असं आमच्या काळी शिकवायचे. मी ते नीट शिकले नाही.

काजलनं गोळ्या ठेवल्या हळदीच्या डब्यात. पिवळ्यात पिवळी, कुणाला दिसणार? युक्ती खरंच झकास होती. पण एके दिवशी कुंपणाच्या तारेनं एक मेंढी ओरबाडली आणि हौसाबाईनं जखमेवर दाबायला मूठभर हळद काढली. हळदीबरोबर गोळ्या घरंगळल्या. आणि लपवून ठेवलेल्या गोळ्या म्हटल्यावर आमच्या भागातल्या कुठल्याही सासूला जे वाटेल तेच तिला वाटलं. सून पाळणा लांबवायच्या गोळ्या खातेय.

तो नेमका उपकेंद्रातला लसीकरणाचा दिवस. खोलीत बायाच बाया, टोचलेली पोरं रडतायत आणि न टोचलेली त्यांचं बघून रडतायत. त्या गोंगाटाच्या वर हौसाबाईचा आवाज आला. हातात हळदीचा डबा. मागं दत्ता, मान खाली. तो मारुंजीत जार टाकून परत येत होता, त्याला वाटेत टेम्पोसकट धरून आणला होता. काजल नव्हती. ती घरी कपडे भरत होती.

"ह्या कसल्या गोळ्या? पाळणा लांबवायच्या न्हवं?" हौसाबाईनं डबा माझ्या टेबलावर आदळला. टेबलाखालचा पिंट्या दचकून बाहेर आला. "आन ह्योबी हितंच? कुत्रंबी फितूर केलं तुमी! सूनबी फितूर केली! आजच तिला म्हायेरी धाडतीया."

"मावशी, ह्या पाळणा लांबवायच्या नाहीत. उलट पुढच्या बाळाचं डोकं, कणा नीट व्हावा म्हणून आहेत."

"कुटाय बाळ? पोटात न्हाई त्येला गोळी? मला काय येडी समजता व्हय?"

"बाळाचं डोकं फार लवकर मिटतं, मावशी. आईला दिवस गेलेत हे कळायच्याही आधी."

"आईला कळायच्या आदी? मंग तुमाला वो कुनी सांगितलं?"

खोलीतल्या बाया फिसकन हसल्या. मी हात टेकले. पुस्तकातलं सगळं संपलं होतं माझ्याजवळचं. खिडकीबाहेर दत्ताचा टेम्पो उभा होता, आणि रिकाम्या जारांशेजारी पेंडीची पोती रचलेली दिसत होती. मला काय सुचलं कोण जाणे, मी विचारलं, "मावशी, एवढी पेंड कशाला?"

आता हौसाबाई कितीही भडकलेली असो, मेंढरांचं कुणी विचारलं आणि ती बोलली नाही असं होत नाही. "मेंढरांस्नी. मेंढा सोडायचा हाय."

"मग मेंढा लागल्यावर चारा की. गाभण राहिल्या की लागेल तेवढी द्या. आतापासून कशाला उधळायची?"

तिनं माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं, की ही बाई नोकरीला लागलीच कशी. "शिस्टर, तुमी शाळा शिकलाय का न्हाई? गाभ धरल्यावर पेंड चारून काय उपेग? मेंढी जे धरती त्ये आदीच्या ताकदीवर धरती. आदी अंगात पायजे. मेंढ्याला फडकं बांधून बाजूला ठिवायचा, मेंढरांस्नी खुराक द्यायाचा, अंगाला लागू द्यायाचा, मंग सोडायचा मेंढा. आमच्यातलं शेंबडं पोर सांगंल तुमाला."

मी हळदीचा डबा तिच्याकडं सरकवला.

कुठल्यातरी कोपऱ्यातून एक बाई खुदकली. हौसाबाईनं डब्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग सावकाश तिच्या ध्यानात आलं.

"म्हंजी माजी सून मेंढी?"

"मी कुठं म्हटलं?"

"आन माजा दत्त्या मेंढा!"

दारात उभा असलेला दत्ता असा लाल झाला की त्याला बघून सगळी खोली खदखदून हसली. हौसाबाई हसली नाही. पण तिच्या ओठांचा कोपरा हलला, तो मी बघितला. तिनं डबा उचलला आणि कुत्र्याला म्हणाली, "चल रं." पिंट्या हलला नाही. ती तशीच निघून गेली. काजल माहेरी गेली नाही, एवढं मला संध्याकाळी समजलं.

हौसाबाई अशी एका दमात पटणारी बाई नव्हे. तिनं त्या गोळ्या आधी एका म्हाताऱ्या मेंढीला चारून पाहिल्या. मेंढी मेली नाही, उलट धष्टपुष्ट दिसायला लागली असं तिचं म्हणणं. ते पेंडीमुळं असणार, पण मी कशाला मधे बोलू? मग तिनं मला बोलावणं धाडलं. नव्या गोळ्या घेतल्या आणि कायदा लावला. गोळी सकाळी ती स्वतःच्या हातानं देणार, काजल तिच्यासमोर गिळणार, आणि जीभ बाहेर काढून दाखवणार.

एवढ्यावर थांबली असती तर ती हौसाबाई कसली? खुराक अंगाला लागेपर्यंत मेंढा बाजूला ठेवतात ना, म्हणून तिनं दत्ताला मारुंजीत त्याच्या मित्राच्या खोलीवर झोपायला पाठवलं. बिचारा रोज जार टाकायचा, जेवायला घरी यायचा आणि जेवण झालं की आई दार दाखवायची. सगळ्या वाडीला माहीत होतं. पोरं त्याला "काय दत्ता, फडकं कवा सुटनार?" असं विचारायची. वर, खुराक मेंढ्यालाही लागतो, ह्या हिशेबानं ती दत्तालाही पिवळी गोळी द्यायला लागली. मला कळलं तेव्हा मी विचार केला, ह्यानं त्याचं वाईट काही व्हायचं नाही, आणि ह्या घरात गोळीबद्दल एवढी माया उपजली आहे तर तिला नख कशाला लावायचं? मी गप्प बसले. दत्ता, हे छापलेला अंक तुझ्या हाती पडला तर रागावू नकोस.

ही गोष्ट इतकी रंगवून मी सांगते आहे, पण त्याच काळात मारुंजीतल्या एका सोसायटीत मी गेले होते, ते सांगितल्याशिवाय पुढं जाणं खरं नव्हे. दोघंही आयटीतले, नवरा-बायको. त्यांनी गोळी आधीपासून घेतलेली, तपासण्या वेळच्या वेळी, काही म्हणून चुकवलं नव्हतं. बाळाचं हृदयच असं अपुरं घडलेलं, की मोठ्या डॉक्टरांनाही वाचवता आलं नाही. आम्हाला विचारपूस करायला जावंच लागतं, म्हणून मी गेले. बायको खिडकीशी बसलेली. नवऱ्याची आई सोफ्यावरून कारणं सांगत होती. ग्रहणात हिनं भाजी चिरली, पपई खाल्ली, लॅपटॉप पोटावर ठेवला, नको म्हणताना लिफ्टनं गेली.

मी म्हटलं, "आजी, ग्रहणात मी भाजी चिरलीय, पपई तर माझ्या दारातच होती. माझा मुलगा आता एवढा दांडगा आहे की दार वाकून ओलांडतो. लॅपटॉप तेवढा नव्हता, असता तर तोही ठेवला असता."

खिडकीशी बसलेली मुलगी पहिल्यांदा वळली. "सिस्टर, मग आमचं काय चुकलं?"

"काहीच नाही," मी म्हटलं. "तुमचं काहीही चुकलेलं नाही. कधी कधी नुसतं होतं." ती रडायला लागली आणि आजीही रडायला लागल्या. त्यांचाही जीव तुटत होता, फक्त ते दुःख दुसऱ्यावर ढकलायची त्यांना सवय होती. फॉलिकची गोळी सगळी व्यंगं टाळत नाही. कवटीची आणि कण्याची पुष्कळशी टाळते, तीही सगळी नाही. हे मला ठाऊक होतं आणि हौसाबाईला ठाऊक नव्हतं. तिची गोळीवर आता मेंढ्याइतकी श्रद्धा बसली होती. पुन्हा तसंच झालं असतं तर ती मला किंवा काजलला पुन्हा जवळ करणार नव्हती. म्हणून तिचा जेवढा विश्वास वाढायचा तेवढी मला झोप कमी यायची.

आणि मग एका सकाळी हौसाबाई उपकेंद्रात आली. एकटीच. दार लावून घेतलं, जवळ आली आणि माझ्या कानाशी म्हणाली, "पाळी चुकलीया. पित्त न्हाई. कुनाला सांगू नगा." तीन महिन्यांची रीत तिनं मोडली होती. मी कुणाला सांगितलं नाही. तिनंच दुपारपर्यंत सगळ्या वाडीला सांगितलं.

पाऊस आला तेव्हा कळप पूर्वेला गेला तो हौसाबाईच्या दिराबरोबर. हौसाबाई राहिली. कळपाशिवाय ती पहिल्यांदाच पावसाळ्यात घरी होती आणि तिला घरात काय करावं हे कळत नव्हतं. ती दिवसातून कितीदा तरी काजलला विचारायची, "हालतंय न्हवं?" शेवटी काजल म्हणाली, "तुमीच हलू देईनात त्येला."

पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीला हौसाबाई आली, पण आत आली नाही. डॉक्टर आत बडबडत होते. त्यांनी कांद्याचा भाव काढला तेव्हा माझ्या जिवात जीव आला. बाहेर येऊन मी सांगितलं, "मावशी, कवटी नीट दिसतेय, कणाही नीट दिसतोय."

"टीवीवर काय बी दाखिवत्यात," ती म्हणाली. "हातात येऊ द्या."

आणि ती तशीच राहिली, कुणाशी भांडण नाही की हाळी नाही. हौसाबाई गप्प हे दृश्य मी जन्मात पाहिलं नव्हतं, आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचीच जास्त धास्ती वाटायला लागली.

काजल बाळंत झाली तो दिवस लख्ख उन्हाचा होता. दवाखाना तोच आणि बाहेरचं बाकडंही तेच. ते कुणी मुद्दाम निवडलं नव्हतं, दुसरं बाकडं नव्हतंच. दत्ता येरझाऱ्या घालत होता. बाळाचं रडणं आतून ऐकू आलं, चांगलं खणखणीत, तरी हौसाबाई उठली नाही.

आमच्या धंद्यात दार उघडून बाळ बाहेर आणलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो. पेढे का जिलेबी, म्हणजे मुलगा का मुलगी? मी इतक्या वर्षांत त्याशिवाय दुसरा पहिला प्रश्न ऐकलेला नाही. श्रीमंत, गरीब, शिकलेले, न शिकलेले, सगळ्यांचा तोच. सिस्टरनं बाळ आणून हौसाबाईच्या मांडीवर ठेवलं आणि त्या प्रश्नाची वाट बघत उभी राहिली.

हौसाबाईनं काही विचारलं नाही. तिनं टोपी काढली. नव्या कोकराला चाचपतात तसा मानेपासून खाली कण्यावरून अंगठा फिरवला. मग तळहात भुवयांवर ठेवला आणि अगदी हळू वर नेला, कपाळावरून, जावळावरून, थेट टाळूपर्यंत. परत खाली आणला. परत वर नेला. बाळ रडायचं थांबून तिच्याकडं बघायला लागलं.

"हाय," ती म्हणाली. "जागा हाय." तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि तिला त्या पुसायच्या नव्हत्या, कारण हात कपाळावर होता. "लिवू दे आता सटवाईला काय लिवायचं त्ये."

मी तिच्याशेजारी बसले. "मावशी, मुलगी आहे."

"असू दे की," हौसाबाई म्हणाली. "म्या इचारलं व्हय?"